‘भारी होता’च्या पुढं

गंगाखेडच्या एका तरुणानं विचारलं आहे: “काका, आम्ही सात-आठ मित्र दर रविवारी संध्याकाळी चहाला जमतो. आठवड्यात कुणी काय पाहिलं त्यावर बोलतो. पण पाच मिनिटांत विषय संपतो. एक म्हणतो भारी होता, दुसरा म्हणतो पकलो, तिसरा म्हणतो तुला त्यातलं काय कळतंय, आणि मग एक तर भांडण नाहीतर क्रिकेट. मागं ‘पाणी’वरून असंच झालं. अर्धे म्हणाले आपल्या नांदेडकडची गोष्ट आहे, चांगलंच म्हणायला पाहिजे. अर्धे म्हणाले गोष्ट चांगली असेल, सिनेमा संथ आहे. सिनेमावर बोलायचं कसं? त्यासाठी काही शिकावं लागतं का? आणि आमच्यातला एक जण दर वेळी झोपतो, त्याला आणायचं का?”

झोपणाऱ्याचं शेवटी बघू.

मी परभणीत १९७९ पासून २०१२ पर्यंत ऑपरेटर होतो. म्हणजे थिएटरच्या केबिनमध्ये मशीनपाशी उभा राहणारा माणूस. आता महिन्यातून एका शनिवारी वाचनालयाच्या हॉलमध्ये प्रोजेक्टर लावून पंचवीस-तीस लोकांना सिनेमा दाखवतो आणि नंतर तासभर बोलतो. पण सिनेमावर बोलायला मी तिथं शिकलो नाही. शिकलो ते मुक्कामी गाडीमुळं.

सहाचा खेळ सव्वानऊला सुटायचा. गावाकडच्या मुक्कामी एसट्या नऊच्या आसपास निघायच्या. पावणेनऊ झाले की स्टॉलमधल्या लाकडी खुर्च्या धाडधाड वाजायला लागायच्या. केबिनच्या झरोक्यातून मला पडद्यासमोरून वाकून जाणाऱ्या पाठी दिसायच्या. नायिका विहिरीच्या काठावर उभी आहे, आणि शंभर माणसं तिला तशीच सोडून स्टँडकडं पळतायत. तिकिटाचे पैसे देऊन शेवट न बघणारे हे लोक पुढच्या बाजाराला परत यायचे, भाजी-मिरची विकून झाली की थिएटरच्या दारात उभे राहायचे आणि विचारायचे, “ऑपरेटर, मग पुढं काय झालं म्हनं त्या पोरीचं?”

पहिल्या-पहिल्यांदा मी म्हणायचो, “चांगला झाला शेवट.” समोरचा माणूस तोंडाकडं बघत राहायचा. त्याला शेवट चांगला की वाईट हे नको होतं. ती कुठं उभी होती, आधी कोण बोललं, बापानं काठी खाली टाकली की तशीच हातात ठेवली, पाऊस होता का, हे हवं होतं. मी नीट सांगितलं की चहा मिळायचा आणि वर तो स्वतःचं मत द्यायचा: “बापानं काठी नसती टाकली तर बरं झालं असतं.” बघा, ज्यानं शेवट डोळ्यांनी पाहिला नाही त्याचंही मत तयार झालं. कारण त्याला पाहिलेली गोष्ट मिळाली होती. तुमच्या चहाच्या टेबलावर मतं आठ आणि पाहिलेली गोष्ट एकही नाही, म्हणून पाच मिनिटांत दुकान बंद होतं.

तेव्हा माझा सगळा सल्ला एवढाच आहे: मत मागून येऊ द्या, पाहिलेलं आधी ठेवा. प्रत्येकानं सुरुवातीला एकच प्रसंग सांगायचा, तोही असा की ज्यानं सिनेमा पाहिला नाही त्याच्या डोळ्यापुढं यावा. “ॲक्टिंग जबरदस्त” हे चालणार नाही. कुणाची, कुठं, हात कसे होते, बघत कुणाकडं होता? हे ऐकायला सोपं वाटतं. करून बघा, पहिल्या रविवारी तिघांच्या तोंडून शब्द फुटणार नाही. अडीच तास समोर बसून आपण काय पाहिलं हे आठवत नाही, ही शरमेची गोष्ट नाही, सवयीची आहे.

सवय कशी लागते त्याचं एक उदाहरण देतो. नागराज मंजुळेंचा ‘फँड्री’ (२०१४ च्या फेब्रुवारीत लागला) आमच्या हॉलमध्ये दाखवला, तेव्हा सिनेमा संपल्यावर मी एकच प्रश्न विचारला: डुक्कर बांबूला बांधून नेतात, तेव्हा मागच्या भिंतीवर कुणाकुणाची चित्रं आहेत? पंचवीस जणांपैकी सहा-सात जणांनी हात वर केले. बाकीचे डुकराकडं आणि ते वाहणाऱ्या जब्याकडं, म्हणजे सिनेमातल्या शाळकरी नायकाकडं, बघत होते. ज्यांनी पाहिलं त्यांच्यातला एक म्हणाला बाबासाहेब, दुसरी बाई म्हणाली सावित्रीबाई, एक म्हातारे गृहस्थ म्हणाले गाडगेबाबा. तोवर बाकीच्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. शाळेची भिंत, तिच्यावर ही माणसं, आणि तिच्यापुढून शाळा सोडून डुक्कर वाहणारं पोर. दिग्दर्शक त्याबद्दल एक शब्द बोलत नाही. कॅमेरा ती मिरवणूक आणि ती भिंत एकाच चौकटीत ठेवतो आणि गप्प बसतो. त्याच सिनेमात डुकराचा पाठलाग ऐन रंगात असताना शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं आणि डुक्कर पकडणारं जब्याचं अख्खं कुटुंब आहे तिथं ताठ उभं राहतं. डुकराला राष्ट्रगीत माहीत नाही. त्या जागी आमच्या हॉलमध्ये हसू फुटलं होतं. नंतर तासभर आम्ही फक्त यावर बोललो, की आपण हसलो ते कुणाला? डुकराला, त्या कुटुंबाला, की स्वतःला? एक जण म्हणाला, “मी हसलो आणि लगेच इकडंतिकडं बघितलं, कुणी बघायलंय का.” या एका वाक्यात त्या प्रसंगाची समीक्षा झाली. ‘भारी’ हा शब्द त्या दिवशी कुणाच्याच तोंडून आला नाही. मनाई नव्हती, गरजच पडली नाही.

आता तुमच्या ‘पाणी’कडं येतो. आदिनाथ कोठारेंनी दिग्दर्शित केलेला आणि त्यातली मुख्य भूमिकाही त्यांनीच केलेला हा सिनेमा नांदेड जिल्ह्यातल्या नागदरवाडीच्या हनुमंत केंद्रे यांच्यावर आहे. गावात पाणी नाही म्हणून मुलगी द्यायला कुणी तयार होत नाही, तिथून गोष्ट निघते. पर्यावरणाच्या विषयावरचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला २०१९ मध्येच मिळाला होता, थिएटरात मात्र तो २०२४ च्या ऑक्टोबरात आला. तुमचं भांडण मला समजतं, कारण ते आमच्या हॉलमध्येही झालं. तुम्ही दोन वेगळ्या गोष्टींवर एकाच शब्दानं भांडताय. केंद्रे यांनी गावात पाणी आणण्यासाठी केलेलं काम मोठं आहे, यात वाद नाही. त्याला दाद द्यायला सिनेमाचीही गरज नाही, नागदरवाडीला जाऊन बघा. पण काम मोठं असलं की त्यावरचा सिनेमा आपोआप मोठा होत नाही, आणि सिनेमा संथ वाटला म्हणून कामाचा अपमानही होत नाही. ‘आपल्याकडचा आहे’ हे सिनेमा बघायला जाण्याचं चांगलं कारण आहे. बघून आल्यावर मत म्हणून ते उपयोगाचं नाही.

‘संथ’ म्हणणाऱ्या मित्रालाही सोडू नका. त्याला विचारा, कुठं संथ? कुठल्या प्रसंगात मोबाइलकडं हात गेला? त्यानं जागा दाखवली तर ते मत. जागा दाखवता आली नाही तर कदाचित त्याला त्या दिवशी भूक लागली असेल. तेही असू शकतं, मी ते केबिनमधून पाहिलंय.

आपल्याकडच्या सिनेमाला मात्र आपण एक न्याय देऊ शकतो, जो पुण्या-मुंबईचा माणूस देऊ शकत नाही. आपल्याला बारीक गोष्टी माहीत असतात. बहात्तरच्या दुष्काळात मी तेरा वर्षांचा होतो. आई दीड कोसावरून पाणी आणायची. भरलेला हंडा डोक्यावरून उतरवताना ती गुडघ्यात वाकायची, हंड्याची कड आधी टेकवायची आणि मग हळूच तो सरळ करायची, कारण ओंजळभर सांडलं तरी परत तेवढं चालणं आलं. आवाज यायचा तो ‘धप्प’, दबका. रिकामा हंडा ‘ठण्’ वाजतो. किती तरी सिनेमांत मी बायांना दुष्काळात रिकामा हंडा भरल्यासारखा वाहताना पाहिलंय. चुंबळ चकाचक, मान मोकळी हलतेय, आणि उतरवताना ठण्. आवाज नंतर स्टुडिओत टाकतात, तिथल्या माणसाला कोण सांगणार? पण जिथं हंडा खरा भरलेला असतो, तिथं बाईची चाल बदलते, बोलणं तुटक होतं, ती समोरच्याकडं मान वळवून न बघता डोळे वळवून बघते. असा एक प्रसंग सापडला की मी त्या दिग्दर्शकाला बाकीचं पुष्कळ माफ करतो. तुमच्यातल्या कुणाची आई, आजी असं पाणी वाहत असेल तर तिला बरोबर घेऊन बघा. तुमचा तो कंपू नुसत्या पोरांचाच दिसतोय. आमच्या शनिवारच्या बैठकीत सगळ्यात नेमकं बोलणाऱ्या दोघी बाया आहेत. एकीनं एकदा एका गाजलेल्या सिनेमाची हवा एका वाक्यात काढली: “दोन दिवस घरात चूल पेटली नाही म्हणतो, आणि मागं कोपऱ्यात कोथिंबीर हिरवीगार.”

बारीक बघणारा माणूस कुठंही भेटतो. माझ्याच हातून झालेली चूक सांगतो. रिळांची पेटी एसटीनं उशिरा आली, प्रेक्षक शिट्ट्या मारत होते, मालक खालून ओरडत होते. घाईत मी आठव्याच्या जागी नववं रीळ चढवलं. त्यात नायकाचा भाऊ मेला. मग आठवं लागलं आणि त्यात तोच भाऊ ताटावर बसून भाकरी मोडतोय. हॉलमध्ये चारशे माणसं. कुणी हूं की चूं केलं नाही, सगळ्यांना वाटलं जुनी आठवण दाखवतायत. खेळ सुटल्यावर मोंढ्यातला एक हमाल जिना चढून केबिनपाशी आला. म्हणाला, “ऑपरेटर, भाऊ मेल्यावर जेवाया कसा बसला? आठवण म्हनावं तर त्या आठवणीत हिरोच्या हाताला पट्टी कशी? पट्टी तर मारामारीत बांधली होती.” मी कान पकडले. त्याला शाळा चौथीपर्यंतची होती. त्या दिवसापासून ‘सिनेमा कळायला काही शिकावं लागतं का’ या प्रश्नाला माझं उत्तर तो हमाल आहे.

तरीही शिकण्यानं बिघडत नाही. पुण्याला फिल्म अर्काइव्ह आणि फिल्म इन्स्टिट्यूट यांची चित्रपट रसास्वादाची शिबिरं अनेक वर्षं चालत आली आहेत, अधूनमधून छोटी शिबिरं इतर शहरांतही होतात. मीही एका छोट्या शिबिराला बसलो होतो. तिथं ‘मिझाँसेन’ असा एक शब्द शिकलो. चौकटीत काय, कुठं, कसं मांडलंय, एवढाच त्याचा अर्थ. मोंढ्यात तो वापरायची हिंमत आजवर झाली नाही. आणि हिवाळ्यात संभाजीनगरला अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव असतो, तिथं जरूर जा. आम्ही चौघं-पाचजण तपोवन एक्स्प्रेसनं जातो. सिनेमा संपल्यावर ज्यानं तो बनवलाय तोच समोर उभा राहतो आणि लोक त्याला प्रश्न विचारतात. त्यातले निम्मे प्रश्न म्हणजे भाषणं असतात, पण उरलेले निम्मे ऐकण्यासारखे असतात.

एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही, पण ती मला सगळ्यात जास्त खटकते. तुमच्यातल्या कुणी कुठं आणि कसा सिनेमा पाहिला हे तुम्ही एकमेकांना सांगता का? थिएटरात पाहिलेला, टीव्हीवर जाहिरातींसह पाहिलेला, एसटीत कानात वायर घालून सहा इंचांवर पाहिलेला, हे तीन सिनेमे आहेत. मी मशीनवर उभा राहिलेला माणूस आहे, मला हे हातानं माहीत आहे. पस्तीस एमएमची फिल्म सेकंदाला चोवीस चौकटी जाते, मिनिटाला नव्वद फूट. हजार फुटांचं रीळ अकरा मिनिटं चालतं. अडीच तासांच्या सिनेमाची अशी तेरा-चौदा रिळं. एका स्पूलवर दोन रिळं चढवायची, म्हणजे वीस-बावीस मिनिटांनी दुसऱ्या मशीनवर जायची वेळ. तेव्हा पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक गोल ठिपका क्षणभर चमकायचा. पहिल्या ठिपक्याला दुसरी मोटर चालू करायची, सात-आठ सेकंदांनी दुसरा ठिपका आला की चेंजओव्हर. तुम्ही नायिकेकडं बघत असायचा तेव्हा मी त्या कोपऱ्याकडं बघत असायचो. अख्खी तेहेतीस वर्षं मी सिनेमे कोपऱ्यातून पाहिलेत म्हणा ना. मशीनच्या दिव्यात जळणाऱ्या कार्बनच्या दोन कांड्यांमधलं अंतर जरा वाढलं की पडदा पिवळा पडायचा आणि गोरी नायिका कावीळ झाल्यासारखी दिसायची. बाहेर पडताना लोक म्हणायचे, “फोटोग्राफी काय जमली नाही.” कॅमेरामन बिचाऱ्याची फोटोग्राफी उत्तम होती, कांडी माझी चुकली होती. म्हणून म्हणतो, ‘कॅमेरा डार्क आहे’ असं मत देण्याआधी मोबाइलचा ब्राइटनेस बघा.

आणि ते दीडपट वेगानं बघणं. आमच्या मशीनला वेग वाढवायची सोयच नव्हती. वाढवला असता तर आवाज चिरका झाला असता आणि लोकांनी खुर्च्या तोडल्या असत्या. मोबाइलनं आवाज चिरका होऊ न देता वेग वाढवायची युक्ती काढली, घोटाळा तिथं झाला. चुकतंय हे कानाला कळतच नाही. चैतन्य ताम्हाणेंचा ‘कोर्ट’ एका पोरानं असा पाहिला आणि मला म्हणाला, “काका, त्यात काही घडतच नाही.” दीडपट वेगात त्याला काय दिसणार? त्या सिनेमात कॅमेरा लांब एका जागी बसतो आणि कोर्टातल्या बाकावरच्या माणसासारखा वाट बघत राहतो. तारीख पडते, पुन्हा तारीख पडते. ज्यानं आपल्याकडं जमिनीच्या दाव्यासाठी तालुक्याला खेटे घातलेत त्याला तो वेग अगदी ओळखीचा आहे. सरकारी वकील बाई कोर्टातून निघतात, मुलाला घेतात, घरी जाऊन स्वयंपाक करतात. आरोपीला आत ठेवायला तासाभरापूर्वी कलमं वाचणारी हीच बाई. शेवटाकडं सुटी लागते, कोर्टाचे दिवे एकेक करून बंद होतात, पडदा काळा होतो. आमच्या हॉलमध्ये चार जण उठून चपला शोधायला लागले होते, आणि सिनेमा चालूच. पुढं जे येतं ते सांगत नाही. दीडपट वेगानं पाहिलेल्यानं तो अंधार किती वेळ पाहिला असेल? मत द्यायचा हक्क त्याला आहेच, फक्त ‘दीडपट वेगानं पाहिला’ हे आधी सांगायचं.

गप्प बसण्याचं तसंच. ‘सैराट’चा शेवट तुम्हाला सगळ्यांना माहीत असेल, २०१६ मध्ये तो माहीत नसलेला माणूस परभणीत सापडला नसता. तेव्हा मी रिटायर झालो होतो आणि तिकीट काढून स्टॉलमध्ये बसलो होतो. आधीच्या भागात गाण्यांवर लोक पडद्यासमोर नाचत होते, पैसे उधळत होते. नंतर गोष्ट हैदराबादला जाते, तेलुगू कानावर पडायला लागतं, मागच्या रांगेतली देगलूरकडची पोरं आधी हसायची, कारण त्यांना ते कळत होतं. आणि शेवटी ते लेकरू बाहेर येतं, पायाचे ठसे उमटतात, आणि सिनेमाचा आवाज जातो. पूर्ण जातो. माझा हात आपोआप साउंडच्या बटणाकडं गेला, तेहेतीस वर्षांची खोड. मग कळलं की बिघाड नाही. पाचशे माणसांच्या हॉलमध्ये फक्त पंखे ऐकू येत होते. तीच जागा घरी बघितली तर कुकरची शिट्टी होते, कुणाचा तरी फोन वाजतो. त्या शांततेवर बोलायचं असेल तर ती जिथं मिळाली ती जागा सांगावीच लागेल.

बाकीचं थोडक्यात उरकतो. स्टार देऊ नका. साडेतीन हा आकडा आपल्याकडं तुळजापूर-माहूरच्या देवीसाठी राखून ठेवलेला बरा. हिरोचे भक्त असाल तर तसं आधीच जाहीर करा, मग कुणाचं काही म्हणणं नसतं. सिनेमा न पाहिलेला कुणी बसला असेल तर शेवट सांगण्याआधी त्याची परवानगी घ्या. माझ्या वेळी लोक शेवट ऐकायला चहा पाजायचे, आता कानात बोटं घालतात. आणि एक नियम मी आमच्या बैठकीत कडक पाळतो: ज्याला सिनेमा आवडला नाही तो आधी बोलणार. तिघांनी कौतुक केल्यावर चौथा नावडलं म्हणायला कचरतो, आणि बोललाच तर चिडून बोलतो. आधी बोलू दिलं की तो शांतपणे सांगतो.

भाषेवरून वाद होतील ते होऊ द्या, ते चांगले असतात. “यायलो, जायलो, करायलो” हे सिनेमात कुणाच्या तोंडी येतं ते बघा. वर्षानुवर्षं ते शिपायाच्या, गड्याच्या तोंडी आणि हसण्यापुरतं यायचं. मकरंद अनासपुरेंमुळं ते नायकाच्या तोंडी ऐकायला मिळालं, तेव्हा आमच्या स्टॉलमध्ये वेगळाच उत्साह होता. तरी अजूनही सिनेमात मराठवाडी बोलणारा माणूस रडताना एकदम प्रमाण मराठीत रडतो. हे तुमच्या कानाला टोचतं का, यावर एक रविवार घालवा.

आणि तुमच्यातला कुणीतरी तेलुगूतून डब केलेल्या हिंदी सिनेमांचा शौकीन असणार, त्याला हसू नका. ही चव आजची नाही. सिनेमाच्या धंद्यात मराठवाडा ‘निझाम’ सर्किटमध्ये, म्हणजे हैदराबादकडच्या वितरण-विभागात, मोडतो. १७ सप्टेंबर १९४८ ला निझामाचं राज्य गेलं, १९५६ मध्ये आपण हैदराबाद राज्यातूनही निघालो, पण वितरकांच्या वह्यांत सरहद्द तीच राहिली. मुंबई टेरिटरीचं पोस्टर वेगळं, आपलं वेगळं. पुण्यात काय लागलंय हे आम्हाला पेपरात कळायचं, आणि आपल्याकडं काय लागणार याचा सौदा हैदराबादशी जोडलेला असायचा. तेव्हा त्या शौकिनालाही हाच नियम लावा. मारामारी भारी होती म्हणतो ना? कुठली? पहिला फटका पडण्याआधी दिग्दर्शकानं किती वेळ घेतला? ते सांगता आलं तर तो ‘कोर्ट’ मन लावून बघणाऱ्यापेक्षा कमी प्रेक्षक नाही.

राहिला झोपणारा. त्याला आणा. मात्र झोप कुठल्या प्रसंगाला लागली आणि जाग कशानं आली, हे दोन प्रश्न त्याला दर वेळी विचारा. त्याची उत्तरं पुष्कळदा कामाची निघतात. आमच्याकडं मे महिन्यात बाराच्या खेळाला एका अडत दुकानाचे मुनीमजी यायचे. घरी लाइट नसायची, थिएटरला जनरेटर होता. स्टॉलमध्ये तिसऱ्या पंख्याखाली त्यांची खुर्ची ठरलेली. सिनेमा कुठलाही असो, पाटी पडली की मान खाली. एकदा मी गमतीनं विचारलं, “मुनीमजी, कसा वाटला?” ते म्हणाले, “दुपारचं चांगलं आहे हो. फक्त इंटरव्हलनंतर गाणं लई लवकर आणलंय, त्यानं जाग येते.” संध्याकाळच्या खेळाला मी मुद्दाम घड्याळ लावून बघितलं. इंटरव्हलनंतर चौथ्या मिनिटाला गाणं होतं, आणि त्याच गाण्याला स्टॉलमधली निम्मी माणसं बिडी ओढायला बाहेर जात होती.